गडाच्या वाटेवर : वाहनातील आसने आणि सामानाची ठेवण

साडेतीन शक्तिपीठांपैकी अर्धे पीठ मानल्या गेलेल्या श्रीक्षेत्र सप्तशृंगगडावर आदिमायेच्या दर्शनास येणारे भाविक पूर्वी बहुतांशी पायी, बैलगाडीने किंवा एस.टी.ने येत असत. चैत्रोत्सवासाठी खानदेशातून पायी येण्याची परंपरा आजही अखंड चालू आहे. तथापि स्वतःच्या अथवा भाड्याच्या चारचाकीतून सहकुटुंब येणाऱ्यांची संख्या आता पुष्कळ वाढली आहे. नाशिकहून दिंडोरी व वणीमार्गे नांदुरीपर्यंतचा रस्ता, आणि नांदुरीहून गडावर चढणारा सुमारे दहा किलोमीटरचा वळणावळणाचा घाट, असा हा प्रवास आहे. निघण्यापूर्वी टायरमधील हवा, ब्रेक व रेडिएटरचे पाणी पाहण्याची सवय बहुतेकांना असते. आसने कशी लावली आहेत व सामान कोठे ठेवले आहे, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. म्हणून त्याविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिले आहे.

मूळ गोष्ट शाळेत शिकलेल्या जडत्वाच्या नियमाचीच आहे. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असते तेव्हा तिच्यातील माणसे, बाळ, पितळी कळश, तेलाचा डबा व पाण्याची बाटली ही सारीच त्या वेगाने धावत असतात. गाडी कशावर तरी आदळून थांबली, तरी जे बांधलेले नाही ते थांबत नाही. या वेगाने पुढे जाऊन आदळणे हे सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चारमजली इमारतीच्या गच्चीहून, खाली पडण्यासारखे असते. वेग ताशी ८० असेल तर ही उंची २५ मीटरांवर जाते. मागच्या काचेपाशी सहज ठेवलेला डबा पुढे बसलेल्याच्या डोक्यावर किती जोराने येईल, याची कल्पना एवढ्यावरून यावी.

चालकाचे आसन

आसनाची मांडणी गाडी उभी असतानाच करावी. धावत्या गाडीत आसन मागेपुढे केल्यास ते रुळावर अचानक सरकून पाय ब्रेकपासून दूर जाण्याचा संभव असतो. आधी आसनाचे अंतर ठरवावे. कंबर पाठीच्या टेकूला पूर्ण लावून बसावे, ब्रेक आणि क्लच तळापर्यंत दाबावा व त्या वेळी गुडघ्यात थोडा बाक शिल्लक राहतो ना, हे पाहावे. पाय ताठ होत असेल तर आसन पुढे घ्यावे. दांडा सोडल्यावर ‘खट्’ असा आवाज येऊन आसन अडकले पाहिजे. ते अडकले की नाही, हे अंगाने मागेपुढे रेटून पाहावे.

नंतर पाठीचा टेकू. तो जवळजवळ सरळ, किंचित मागे कललेला असावा. खांदे टेकूवरून न उचलता हात पुढे केल्यास मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकावे, ही सोपी खूण आहे. स्टिअरिंगचा मध्य व छाती यांत किमान २५ सेंटीमीटर, म्हणजे साधारण एक वीत, अंतर असावे. कारण स्टिअरिंगमधील एअरबॅग डोळ्याचे पाते लवण्याच्या आत फुगते आणि फार जवळ बसलेल्याला तिचाच मार लागू शकतो.

डोक्यामागील उशीला पुष्कळजण शोभेची वस्तू समजतात. काहीजण मागच्या मंडळींना समोरचे दिसावे म्हणून ती काढूनही ठेवतात. मागून धडक बसली असता मान मागे झटका खाऊ नये, यासाठी ती उशी असते. तिची वरची कड डोक्याच्या माथ्याइतकी, निदान कानाच्या वर असावी. मानेच्या पातळीवर राहिलेली उशी उपयोगाची नाही. हे सारे झाल्यावरच आरसे लावावेत, कारण आसन बदलले की आरशातील दृश्यही बदलते. एकाच गाडीवर दोघे आळीपाळीने चालक असतील, तर प्रत्येक बदलाच्या वेळी हा क्रम नव्याने करावा. त्यास दोन मिनिटेही लागत नाहीत.

पट्टा आणि मागे बसणारी मंडळी

खांद्यावरून छातीवर तिरपा येणारा व कमरेवरून आडवा जाणारा आजचा सीटबेल्ट निल्स बोहलिन या अभियंत्याने १९५९ साली स्वीडनमधील व्होल्वो कंपनीत सिद्ध केला. त्याचा तिरपा भाग गळसरीच्या हाडावरून यावा. गळ्याला घासू नये आणि काखेखालूनही घेऊ नये. आडवा भाग पोटावर न ठेवता खाली कमरेच्या हाडावर बसवावा. गर्भवती भगिनींनी तो पोटाच्या खालून घ्यावा व तिरपा पट्टा पोटाच्या बाजूने जाऊ द्यावा. नऊवारी लुगडे किंवा जाड शाल असेल, तर पट्ट्याखालील वस्त्राच्या चुण्या सारख्या करून पट्टा अंगालगत ओढून घ्यावा. रात्रीच्या प्रवासात आसन पार मागे पाडून झोपण्याची पद्धत आहे. तसे निजलेल्या व्यक्तीचे शरीर धडकेच्या वेळी पट्ट्याखालून सरकते आणि पट्टा पोटात रुततो. वृद्धांना आराम हवा असल्यास टेकू थोडाच कलता ठेवावा व वाटेत दोनदा अधिक थांबावे.

मागे बसणाऱ्यास पट्ट्याची गरज नाही, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. दिनांक ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांच्यासमवेत मागे बसलेले गृहस्थ यांचा मृत्यू झाला; पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. गाडी महागडी होती व रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा होता. मोटार वाहन नियमांनुसार पुढे तोंड करून मागे बसणाऱ्यांनाही पट्टा बंधनकारक आहे, व तो न लावल्यास १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे १,००० रुपये दंड आहे. पट्टा न लावल्याची सूचना देणारा आवाज बंद करण्यासाठी नुसतीच खोटी कडी अडकवणारे भाविकही दिसतात. अशा कड्यांची इंटरनेटवरील विक्री थांबविण्याचे आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास २०२३ मध्ये द्यावे लागले. आवाज त्रासदायक वाटत असेल, तर तो थांबविण्याचा मूळ उपाय पट्टा लावणे हाच आहे.

लहान मुलांविषयी विशेष लिहिणे आवश्यक आहे. जावळ, नवस फेडणे किंवा पहिले दर्शन यासाठी तान्ही मुले गडावर आणली जातात. बाळ आजीच्या किंवा आईच्या मांडीवर, आणि तीही बहुधा पुढच्या आसनावर, असे दृश्य नित्याचे आहे. मांडी ही बाळाची सर्वांत सुरक्षित जागा, ही भावना समजण्याजोगी आहे. परंतु गणित तिच्या बाजूचे नाही. ताशी ५० च्या वेगातील गाडी धडकेने सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचे बाळ सुमारे १४० किलो वजन ओढावे इतक्या जोराने पुढे जाते. ते धरून ठेवणारे हात कोणाचेही नसतात. शिवाय आजीने पट्टा लावलेला नसेल, तर बाळ आजी व डॅशबोर्ड यांच्या मध्ये सापडते. एकच पट्टा दोघांभोवती घेतल्यास आजीचा सारा भार पट्ट्यासह बाळावर येतो.

तान्ह्या बाळासाठी गाडीत बसविण्याचे स्वतंत्र आसन मिळते. ते मागच्या बाकावर, बाळाचे तोंड गाडीच्या मागील दिशेस राहील असे बांधावे. चालू एअरबॅगसमोर असे आसन कधीही ठेवू नये. मूल मोठे झाले की पुढे तोंड असलेले आसन, व त्यानंतर उंची सुमारे पावणेपाच फूट होईपर्यंत पट्टा खांद्यावर नीट यावा यासाठी उंचवट्याचे आसन वापरावे. चौदा वर्षांखालील मुलांना पट्ट्याने किंवा अशा आसनाने बांधून नेणे कायद्यानेही आवश्यक आहे. या आसनाचा खर्च अनेकांना अनाठायी वाटतो. जावळाच्या जेवणावळीच्या खर्चाशी तो एकदा ताडून पाहावा.

नवी गाडी व देवाचे साहित्य

नव्या गाडीची पूजा करण्यासाठी गडावर येणारे भाविक पुष्कळ आहेत. आसनांवरील प्लास्टिकचे वेष्टन शुभ म्हणून महिनोन् महिने काढले जात नाही. त्यावरून अंग घसरते व पट्ट्याच्या कड्या त्याखाली दबून राहतात. ते पूजेनंतर काढून टाकावे. ज्या गाड्यांच्या आसनातच बाजूची एअरबॅग असते, तेथे बाहेरून घट्ट आवरण शिवून घेणेही टाळावे.

डॅशबोर्डवरील मूर्तीचा विषय नाजूक आहे. डावीकडील एअरबॅग ज्या झाकणाखालून बाहेर येते, नेमके त्यावरच मूर्ती चिकटविलेली अनेक गाड्यांत आढळते. एअरबॅग उघडली की ती मूर्ती समोर बसलेल्याच्या तोंडावर जाते. देवीचे छोटे चित्र काचेच्या आड न येईल असे, झाकण सोडून दुसरीकडे लावावे. भक्तीत त्याने उणे पडत नाही. आरशाला लोंबणाऱ्या जाड माळाही वळणावर नजर अडवितात.

सर्वाधिक काळजी नारळाची घ्यावी. ओटीचे नारळ पिशवीत घालून पुढच्या माणसाच्या पायाशी ठेवण्याची पद्धत आहे. नारळ गोल व टणक असतो. उतारावर ब्रेक लागताच तो घरंगळत चालकाच्या पायाखाली येतो आणि ब्रेकच्या पट्टीमागे अडकला तर ब्रेक दाबला जात नाही. पाण्याची रिकामी बाटलीही हेच करते. नारळ नेहमी तोंड बांधलेल्या पिशवीत, डिकीत ठेवावेत. चालकाच्या पायापाशी चप्पलसुद्धा काढून ठेवू नये.

सामान

जड वस्तू तळाशी व मागच्या बाकाच्या पाठीला अगदी भिडवून ठेवाव्यात. तांदळाचे पोते, तेलाचा डबा व स्वयंपाकाची भांडी येथे जावीत. कपड्यांच्या पिशव्या त्यांच्यावर व फटींतून घालाव्यात म्हणजे भांडी हलत नाहीत. बाकाच्या पाठीच्या वर सामान जाऊ देऊ नये. गेल्यास मागची काच झाकते व ब्रेकच्या वेळी वरच्या पिशव्या डोक्यांवरून पुढे येतात. पाठ दुमडून पुन्हा उभी केली असेल, तर तिची खिटी बसल्याची खात्री करावी. मागे कोणी बसणार नसेल तेव्हा तेथील पट्टेही अडकवून ठेवावेत. सामानाचा रेटा सोसण्यास पाठीला तेवढाच आधार मिळतो. डिकीचे दार तीनदा आपटावे लागत असेल, तर बिघाड दारात नाही, सामान जास्त झाले आहे.

आठ-नऊ जणांच्या गाडीत शेवटच्या बाकामागे हात-दीड हात जागा असते. तेथे माणसे व सामान एकत्र कोंबू नये, आणि सामानावर तर कोणासही बसवू नये. स्वयंपाकाचा गॅस सिलिंडर प्रवासी गाडीत मुळीच नेऊ नये. कापराचे डबे उन्हात तापणाऱ्या मागच्या काचेपाशी ठेवू नयेत.

टपावरील कॅरिअरवर किती भार चालतो, ते गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेले असते. तो अंक बहुतेकांच्या अंदाजापेक्षा कमी निघतो. टपावर वजन चढविले की गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि घाटातील वळणावर ती अधिक कलते. म्हणून टपावर गाद्या, चटया असे हलके सामानच ठेवावे, ताडपत्रीची टोके मोकळी सोडू नयेत व दोरीची गाठ पहिल्या २०-२५ किलोमीटरनंतर थांबून पुन्हा आवळावी. सामान बसले की दोरी सैल होतेच. स्टेपनी, जॅक व धोक्याचा त्रिकोण सर्वांत खाली गाडला जाऊ नये. घाटात टायर बसल्यावर रस्त्यावर सारा संसार मांडून बसणाऱ्या कुटुंबाला मागून येणाऱ्या वाहनाचा धोका असतो.

सामान भरण्याचा क्रम नांदुरी डोळ्यांसमोर ठेवून ठरवावा. चैत्रोत्सव व शारदीय नवरात्रात खाजगी वाहने नांदुरीच्या वाहनतळावर थांबवून भाविकांना एस.टी. बसने गडावर नेले जाते. त्या वेळी पूजेचे साहित्य, औषधे, बाळाचे दूध व एक शाल एवढीच पिशवी बरोबर घ्यावयाची असते. ती तळाशी गेली, तर भर गर्दीत सारी डिकी उपसावी लागते. ही पिशवी सर्वांत शेवटी, दाराजवळ ठेवावी. मौल्यवान वस्तू गाडीत सोडू नयेत. गडावर सुमारे पाचशे पायऱ्या आहेत व २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉलीचीही सोय आहे. दोहोंसाठी हाती ओझे कमी असलेलेच बरे.

डिकी भरली की गाडीचा मागचा भाग दबतो आणि पुढचे दिवे वर उचलले जाऊन समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ शून्य ते तीन आकड्यांची एक छोटी चक्री असते. आकडा वाढविला की दिव्यांचा झोत खाली येतो. पूर्ण भार असताना टायरमधील हवाही वेगळी लागते. तिचा तक्ता चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेला असतो.

दर्शन आटोपून परतताना प्रसादाचे पुडे, फोडलेल्या नारळाच्या भकला, खेळणी, बांगड्या असे नवे सामान हातात असते व घाईने ते मिळेल त्या जागी टाकले जाते. उतरणीला लागण्यापूर्वी गाडी उभी असतानाच ते सारे डिकीत ठेवावे, मुलांचे पट्टे पाहावेत, आणि चालकाने एकदा खाली वाकून ब्रेकच्या पट्टीखाली काही नाही ना, हे हाताने चाचपावे. मग दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरावा.