यामाटो की आयोवा? बॅटलशिपची तुलना करताना नेमकं काय मोजायचं

न्यू जर्सीतल्या कॅम्डन शहरात, डेलावेअर नदीच्या काठी, ‘यूएसएस न्यू जर्सी’ ही जुनी बॅटलशिप संग्रहालय म्हणून उभी आहे. नदीपलीकडे फिलाडेल्फिया, जिथे ती बांधली गेली. गेल्या उन्हाळ्यात बारा वर्षांच्या भाच्याला घेऊन मी ती बघायला गेले होते. पुढच्या तोफांखाली मान वर करून उभा असताना त्याने विचारलं, “मावशी, ही आणि जपानची यामाटो समोरासमोर आल्या असत्या तर कोण जिंकलं असतं?”

मी म्हटलं, “घरी जाऊन सांगते.” पण उत्तर शोधताना लक्षात आलं की आधी प्रश्नच तपासायला हवा.

बॅटलशिप म्हणजे काय?

मराठीत आपण लढणाऱ्या कुठल्याही जहाजाला युद्धनौका म्हणतो. बॅटलशिप हा त्यातला एक खास प्रकार. जाड पोलादी चिलखत, प्रचंड तोफा आणि मुख्य काम एकच: शत्रूच्या तशाच जहाजाला तोफांनी बुडवणं. १९०६ साली ब्रिटिश नौदलात दाखल झालेल्या ‘ड्रेडनॉट’ने या प्रकाराला आधुनिक रूप दिलं. एकाच मापाच्या, १२ इंची १० तोफा आणि वाफेच्या टर्बाइनवर २१ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३९ किलोमीटर वेग. त्यानंतर देशाची ताकद त्याच्याकडे किती ड्रेडनॉट आहेत यावर मोजली जाऊ लागली.

आता भाच्याच्या प्रश्नातली दोन जहाजं कागदावर मांडू. न्यू जर्सी ही आयोवा वर्गातली.

- यामाटो: ४६ सेंटिमीटर व्यासाच्या ९ तोफा, गोळ्याचं वजन १४६० किलो, बाजूचं मुख्य चिलखत ४१० मिलिमीटर, वेग २७ नॉट, पूर्ण भारासह वजन सुमारे ७२ हजार टन.
- न्यू जर्सी: ४०.६ सेंटिमीटरच्या ९ तोफा, गोळा १२२५ किलो, चिलखत ३०७ मिलिमीटर, वेग ३३ नॉट, वजन सुमारे ५७ हजार टन.

म्हणजे यामाटो दणकट आणि न्यू जर्सी चपळ. शिवाय अमेरिकन जहाजाचं नेम धरणारं रडार बरंच सरस होतं.

जहाजं इतकी मोठी का होत गेली?

याचं उत्तर भूमितीत आहे. जहाजाची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली तर पृष्ठभाग चौपट होतो, पण घनफळ आठपट. चिलखत लागतं पृष्ठभागाला आणि वजन तोलून धरतं ते पाण्याखालचं घनफळ. त्यामुळे जहाज जितकं मोठं, तितकं तेवढ्याच जाडीचं चिलखत त्याला हलकं पडतं. उरलेल्या वजनात अजून मोठी तोफ बसते. मग त्या तोफेला तोंड द्यायला शत्रू अजून जाड चिलखत घालतो. ही शर्यत तीनचार दशकं चालली.

चिलखताचा हिशेबही मजेशीर आहे. जवळून आलेला गोळा जवळपास आडवा येतो आणि बाजूच्या चिलखतावर आदळतो. लांबून आलेला गोळा वरून कोसळतो आणि डेक फोडतो. या दोन्हींच्या मध्ये अंतराचा एक पट्टा असतो. तिथे गोळ्याचा वेग बाजू फोडण्याइतका उरलेला नसतो आणि उतार डेक फोडण्याइतका तीव्र नसतो. हा पट्टा शक्य तितका रुंद करायचा आणि लढताना त्यातच राहायचं, हे आराखडा काढणाऱ्यांचं स्वप्न असे.

लागायला तर हवं!

न्यू जर्सीच्या तोफेतून गोळा सेकंदाला ७६२ मीटर वेगाने सुटतो. हवाच नसती तर तो जास्तीत जास्त ५९ किलोमीटर गेला असता (शाळेतलं सूत्र: वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण). हवेच्या विरोधामुळे प्रत्यक्षात तो सुमारे ३८ किलोमीटर जातो. त्या प्रवासाला साधारण दीड मिनिट लागतं. तेवढ्यात ३० नॉटने पळणारं जहाज जवळजवळ १४०० मीटर पुढे गेलेलं असतं. म्हणजे शत्रू दीड मिनिटानंतर कुठे असेल तिथे नेम धरायचा! हे गणित करणारं, गिअर आणि चकत्यांवर चालणारं गणकयंत्र न्यू जर्सीच्या पोटात आजही आहे.

पण शत्रू वळला तर ते गणित चुकतं. फेब्रुवारी १९४४ मध्ये ट्रुक बेटांजवळ आयोवा आणि न्यू जर्सी या दोघींनी ‘नोवाकी’ या जपानी विनाशिकेवर ३० किलोमीटरहून जास्त अंतरावरून तोफा डागल्या. गोळे तिच्या आजूबाजूला पडले, पण ती निसटली. धावत्या जहाजाला तोफेने सर्वांत लांबून मारल्याच्या ज्या नोंदी आहेत, त्या साधारण २४ किलोमीटरच्या आहेत. म्हणजे तोफेचा पल्ला कागदावर ४० किलोमीटर असला तरी उपयोगी पल्ला बराच कमी होता.

हात कोणाचा लांब?

मे १९४१ मध्ये जर्मनीच्या ‘बिस्मार्क’ने ब्रिटनचं मानाचं जहाज ‘हूड’ लढाई सुरू झाल्यापासून दहा मिनिटांच्या आत बुडवलं. हूडवर १४१८ माणसं होती. वाचली तीन. बॅटलशिपची ताकद सिद्ध झाली असं वाटावं, असा हा क्षण. पण दोनच दिवसांनी विमानवाहू नौकेवरून उडालेल्या, कापडी आवरणाच्या, दुहेरी पंखांच्या जुनाट स्वोर्डफिश विमानांनी टॉर्पेडो सोडले. त्यातला एक बिस्मार्कच्या सुकाणूपाशी लागला आणि ते अडकून बसलं. जाड चिलखत शाबूत, तोफा शाबूत, पण जहाज गोल गोल फिरू लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रिटिश जहाजांनी तिला गाठलं आणि ती बुडाली. तिच्यावरच्या सुमारे २२०० जणांपैकी ११५च्या आसपास वाचले.

त्याच वर्षी १० डिसेंबरला मलायाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनी ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ ही दोन ब्रिटिश जहाजं काही तासांत बुडवली. ८४० खलाशी गेले. विमानं शेकडो किलोमीटरवरून, इंडोचायनातल्या तळांवरून आली होती. जहाजांच्या मोठ्या तोफांना मारायला समोर जहाजच नव्हतं.

सगळा फरक इथे आहे. तोफेचा हात ४० किलोमीटरचा, विमानाचा शेकडो किलोमीटरचा. शिवाय गोळा एकदा सुटला की सुटला, वैमानिक मात्र वाटेत दिशा बदलू शकतो. आणि टॉर्पेडो घाव घालतो पाण्याखाली. तिथे पाणी दाबलं जात नसल्यामुळे स्फोटाचा सगळा जोर जहाजाच्या अंगावर येतो.

न लढताही उपयोगी, आणि म्हणूनच निरुपयोगी

मग बॅटलशिप निव्वळ पांढरा हत्ती होती का? तसंही नाही. जर्मनीची ‘तिरपिट्झ’ युद्धाचा बराच काळ नॉर्वेच्या खाड्यांत दडून होती. जुलै १९४२ मध्ये ती बाहेर पडेल या नुसत्या भीतीने ब्रिटिशांनी रशियाकडे निघालेल्या पीक्यू-१७ या काफिल्याला पांगण्याचा हुकूम दिला. सुटी पडलेली जहाजं पाणबुड्यांच्या आणि विमानांच्या तावडीत सापडली आणि जवळजवळ दोन तृतीयांश मालवाहू जहाजं बुडाली. तिरपिट्झने त्यांच्यावर एक गोळाही डागला नव्हता.

मात्र याची दुसरी बाजू अशी की जे गमावणं परवडत नाही, ते वापरायला हात धजत नाही. यामाटो ट्रुकच्या बंदरात इतका काळ नांगरून असे की इतर खलाशी तिला ‘हॉटेल यामाटो’ म्हणत. अखेर ७ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाकडे जाताना अमेरिकन विमानांनी तिला गाठलं. दहाच्या आसपास टॉर्पेडो आणि कित्येक बाँब लागले, दोनेक तासांत ती उलटली. तिच्यासोबत सुमारे ३००० माणसं गेली. अमेरिकेने गमावली दहा विमानं.

न्यू जर्सीचं आयुष्य मात्र लांबलं, पण वेगळ्या कामावर. कोरिया आणि व्हिएतनामच्या युद्धांत तिने किनाऱ्यावर तोफा डागल्या. जिच्यासाठी ती बांधली होती, ती बॅटलशिपशी झुंज तिच्या वाट्याला कधीच आली नाही.

भारताने बॅटलशिपच्या वाटेला न जाता विमानवाहू नौका घेतली. ब्रिटनने आपली शेवटची बॅटलशिप ‘व्हॅनगार्ड’ १९६० मध्ये भंगारात काढली आणि १९६१ मध्ये ‘विक्रांत’ आपल्या नौदलात आली. १९७१च्या युद्धात तिच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले. मुंबईत ती संग्रहालय असताना आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिली असेल. तिच्या डेकवर तशा तोफा का नाहीत, हे तेव्हा कोणी विचारलं नसेल. उत्तर वरच्या हिशेबात आहे.

भाच्याला मी शेवटी एवढंच सांगितलं: दिवसा, स्वच्छ हवेत, जवळून गाठ पडली असती तर कदाचित यामाटो. रात्री किंवा धुक्यात, रडारच्या भरवशावर, बहुधा न्यू जर्सी. पण त्यांची गाठ पडण्याआधीच विमानं पोहोचली असती.

तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, “म्हणजे विमानवाहू नौका जिंकली. पण मावशी, आता ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचा हात तिच्या विमानांपेक्षा लांब झाला तर?”

प्रश्न आता बरोबर होता.