घर बदलताय? आधी वाड्यातला हिस्सा मोजा

भिवंडीतल्या कामतघरचा फ्लॅट विकून मोठा घ्यायचा म्हणतोस, घे. पोरं वाढली, दोन खोल्यांत किती दिवस काढणार? पण गावठाणातल्या आजोबांच्या वाड्यावर अजून तुम्हा भावांची आणि माझी नावं एकत्र आहेत, हे विसरून चालायचं नाही. आत्याचं ऐकून घे, मग सीएकडे जा.

एजंट घाबरवेल की दुसऱ्या घरात हिस्सा आहे म्हणून स्टॅम्प ड्युटी जास्त लागेल. तसं काही नाही. महाराष्ट्रात पहिलं घर काय नि चौथं काय, दर तोच. मूळ 5 टक्के, त्यावर स्थानिक अधिभार. नोंदणी फी 1 टक्का, तीही 30,000 रुपयांपुढे जात नाही. घर एकट्या सूनबाईच्या नावावर घेतलंस तर शुल्क 1 टक्का कमी. शेजारी तुझं नाव लावलंस की ती सवलत गेली.

तुझा लंडनचा चुलतभाऊ मात्र या फेऱ्यात सापडू शकतो. इंग्लंडमध्ये जादा घर घेणाऱ्याला ऑक्टोबर 2024 पासून नेहमीच्या करावर आणखी 5 टक्के भरावे लागतात, आणि जगात कुठेही असलेलं घर त्यात धरतात. हिस्सा 40,000 पौंडांच्या वरचा असला तर आपल्या भिवंडीचं घरसुद्धा! राहतं घर विकून त्याच्याच जागी दुसरं घेतलं तर मात्र हा जादा कर लागत नाही. त्यालाही हे कळव.

आपल्याकडे खरी गोम असते ती विकताना झालेल्या नफ्यात. घर विकून घर घेत असशील तर काळजी नको. 1961 च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम 54 तुझी बाकीची घरं मोजतच नाही, मग वाड्यात चौथाई असो की अर्धा. विकण्याआधी एका वर्षात किंवा विकल्यावर दोन वर्षांत नवं घर घ्यायचं. बांधणार असशील तर तीन वर्षं मिळतात. गुंतवायचा तो नफा, सगळी रक्कम नाही. रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत घर मिळालं नाही तर उरलेले पैसे बँकेत भांडवली नफ्याच्या खास खात्यात ठेव, साध्या बचत खात्यात नको. आणि नवं घर तीन वर्षांच्या आत विकू नकोस.

नफा किती, हेही दोन्ही रीतींनी काढून बघ. समज, 2012-13 साली 30 लाखांना घेतलेला फ्लॅट 2025-26 मध्ये 70 लाखांना विकला. सरळ नफा 40 लाख, त्यावर साडेबारा टक्के म्हणजे 5 लाख. महागाई निर्देशांक लावून खरेदीची किंमत 56 लाख 40 हजार होते, उरलेल्या 13 लाख 60 हजारांवर 20 टक्के म्हणजे 2 लाख 72 हजार. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या घराला यातला कमी बोजा निवडता येतो. व्यवहार रेडी रेकनरपेक्षा फार खाली दाखवायच्या भानगडीत पडू नकोस, दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला की प्राप्तिकर खातं रेडी रेकनरचाच भाव धरतं.

आता तुझ्या धाकट्या भावाची गोष्ट वेगळी. तो गोदामवाल्याला जमीन देऊन घर घेणार. तिथे कलम 54 नाही, 54 एफ. त्यात नफा नाही, विक्रीची अख्खी रक्कम घरात घालावी लागते, आणि जमीन विकायच्या दिवशी नव्या घराखेरीज एकापेक्षा जास्त घरं नावावर चालत नाहीत. त्याचा स्वतःचा फ्लॅट हे एक घर. वाड्यातला हिस्सा दुसरं घर धरायचा का? मद्रास उच्च न्यायालयाने 2012 मध्ये सामाईक घर मोजलं नाही, कर्नाटकने 2014 मध्ये मोजलं. अशा वादात आपल्या पोराने कशाला अडकायचं?

शेतजमीन असेल तर आधी अंतर बघा. 2011 च्या जनगणनेत भिवंडी सात लाखांची, म्हणून तिच्या हद्दीपासून 6 किलोमीटर, आणि ठाणे, कल्याण-डोंबिवली दहा लाखांवरची, म्हणून त्यांच्यापासून 8. सरळ रेषेत मोजायचं, रस्त्याने नाही. त्याबाहेरच्या शेतजमिनीच्या नफ्यावर करच नाही. पण काल्हेर-कशेळीला ही आशा कुठली?

वाड्यातला हिस्सा सोडायचाच असेल तर जमिनीच्या खरेदीखताच्या आधी सोडा. वडिलोपार्जित घराचं हक्कसोडपत्र सख्ख्या नात्यात, मोबदला न घेता, ऑक्टोबर 2024 पासून 500 रुपयांच्या स्टॅम्पवर होतं. ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवा आणि मिळकत पत्रिकेवर फेरफार करून घ्या. घरच्या घरी कागदावर सह्या घेऊन काही होत नाही. आणि सोडलेला हक्क परत मागता येत नाही, हे धाकट्याला आधी सांग. नुसता कर वाचवायला वाडा सोडू नये, असं माझं मत.

राहिली माझी सही. मुलीला बरोबरीचा हक्क 2005 च्या कायद्याने सगळ्या देशाला दिला, महाराष्ट्राने तर 1994 सालीच दिला होता. तेव्हा साडी-चोळी धाडून अंगठा उठवायचे दिवस संपले. सही हवी असेल तर मसुदा आठ दिवस आधी पाठवा. मी वाचून सांगेन, देते की नाही ते.