पाषाणाचे कूळ

मुळशीच्या डोंगरांतील काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या तप्त शिलारसापासून घडला. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधील शेरघाटी येथे असाच ज्वालामुखीजन्य पाषाण आकाशातून पडला! त्याचा ज्वालामुखी कोठला? उत्तर मिळण्यास शतकाहून अधिक काळ लोटला. अंटार्क्टिकाच्या बर्फात त्याच वर्गातील एक उल्कापाषाण सापडला. त्यातील काचेसारख्या भागात वायू कोंडलेला होता. १९७६ साली व्हायकिंग यानांनी मंगळावर मोजलेल्या हवेशी तो जुळला. मंगळावर प्रचंड आघात होऊन तेथील खडकाचे तुकडे अवकाशात उडाले व त्यांपैकी काही पृथ्वीवर आले, असे शास्त्रज्ञांनी ठरविले. पोटात कोंडलेल्या एवढ्याशा वायूने पाषाणाचे कूळ सांगितले.