केवलमूल्य : चिन्ह पुसणे नव्हे, अंतर मोजणे

केवलमूल्य म्हणजे काय, असे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यास विचारले असता बहुधा ‘उणे चिन्ह काढून टाकणे’ असे उत्तर मिळते. हे उत्तर त्याने आपणां शिक्षकांपासूनच उचललेले असते. अंक असतात तोवर ते निभावते; अक्षर आले की दगा देते.

पूर्वी मी बीजगणित शिकवीत असता एका मुलाने वहीत ‘अ ऋण असेल तर |अ| = −अ’ असे लिहिले. केवलमूल्य ऋण कसे असेल, असे म्हणून मी त्यावर तांबडी फुली मारली. मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, अ म्हणजे −४ धरले तर −अ म्हणजे ४च ना?” त्याचे म्हणणे खरे होते. येथील उणे ही ऋणत्वाची खूण नसून विरुद्ध संख्या घेण्याची आज्ञा आहे, हे मीच विसरलो होतो. वर्गासमोर चूक कबूल करून मी फुली खोडली.

यासाठी आरंभ संख्यारेषेवरून करावा. संख्येचे शून्यापासूनचे अंतर म्हणजे तिचे केवलमूल्य. अंतर ऋण नसते, म्हणून केवलमूल्यही ऋण नसते. शून्याचे मात्र शून्यच. दोन विहिरी घ्याव्या. जमिनीची पातळी शून्य मानली तर एकीचे पाणी −७ मीटरवर, दुसरीचे −१८ मीटरवर. −१८ ही संख्या −७ हून लहान. परंतु पोहरा अधिक खोल सोडावा लागतो तो तेथेच. हा भेद पाणी शेंदणाऱ्या घरच्या मुलास निराळा समजावून सांगावा लागत नाही.

मग रस्त्यावरील किलोमीटरचे दगड घ्यावे. १२ व्या दगडापासून १९ व्यापर्यंत जा किंवा उलट या, चाल ७ किलोमीटरच : |१२ − १९| = |१९ − १२| = ७. येथवर आल्यावर |क्ष − ३| = ५ हे उदाहरण सोपे होते. ३ पासून ५ अंतरावर कोणत्या संख्या आहेत? उजवीकडे ८, डावीकडे −२. नुसते चिन्ह पुसणारा मुलगा ८ लिहून थांबतो.

दोन उभ्या रेघांचे हे चिन्ह जर्मन गणितज्ञ कार्ल वायरस्ट्रास यांनी १८४१ मध्ये योजिले. प्राथमिक वर्गांत त्याची घाई नको. अंगणात चुन्याची रेघ आखून मुलास शून्यावर उभे करावे, तीन पावले डावीकडे व मग पाच उजवीकडे चालवावे आणि दोन प्रश्न विचारावे : एकूण किती पावले चाललास? आता शून्यापासून किती दूर आहेस? पहिल्याचे उत्तर ८, दुसऱ्याचे २.