मनाचें दुखणें आणि शेजारधर्म

गोठणगांवाजवळ गाढवी नदीवरील इटियाडोहाचें धरण १९७० सालीं पुरें झालें, आणि तेव्हांपासून या भागांतील पुष्कळ धानशेती त्याच्या पाण्यावर चालत आली आहे. पावसाळ्यांत धरण भरलें म्हणजे सांडव्यावरून कोसळणारें पाणी पाहावयास दूरदूरचे लोक येतात. त्यांतील थोड्यांच्याच ध्यानांत येत असेल कीं, सांडवा शोभेसाठीं नसून बांध फुटूं नये म्हणून ठेविलेला असतो. आपल्या जुन्या मालगुजारी तलावांच्या पाळीलाही जास्तीचें पाणी जाण्यास वाट ठेविलेली असते. मनुष्याच्या मनाला अशी वाट नसेल तर काय होतें, याविषयीं आज आम्ही थोडें लिहिणार आहों.

मोठी आपत्ति आली असतां गांव धांवून येतो. घर जळालें तर लोक भांडीं व धान्य आणून देतात. मृत्यु झाला तर कित्येक दिवस घर माणसांनीं भरलेलें असतें. परंतु ज्या चिंता रोज थोड्या थोड्या सांचतात त्यांच्यासाठीं कोणी येत नाहीं. रोवणीच्या वेळीं पाणी मिळेल कीं नाहीं. लोंबी भरतांना तुडतुडा पडेल काय. कापलेल्या कडपा बांधींत पडल्या आहेत आणि आभाळ भरून आलें आहे. सोसायटीचें कर्ज फिटलें नाहीं आणि मुलीचें लग्न ठरलें आहे. यांतील एकही गोष्ट नवी नव्हे, म्हणूनच तिच्याविषयीं बोलण्याची लाज वाटते. स्त्रियांची स्थिति याहूनही कठीण आहे. चुलीपाशीं बसून रडणारी बाई ‘धूर लागला’ म्हणते, आणि घरांतील सर्वांस तें उत्तर पुरेसें वाटतें.

येथें आम्हांस आमची एक चूक सांगितली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या मंडळींतील एक शेतकरी उपासनेस येईनासा झाला. अवेळीं आलेल्या पावसानें त्याच्या कापलेल्या धानाला कोंब फुटले होते. आम्ही त्याच्या घरीं गेलों, विश्वास दृढ करण्याविषयीं त्यास उपदेश केला, प्रार्थना केली आणि मोठ्या समाधानानें परत आलों. त्यानें मान डोलाविली. परंतु त्यानंतर तो आमच्याशींही बोलेनासा झाला. पुढें त्याच्या पत्नीनें आम्हांस सांगितलें कीं, ते पहांटे तीन वाजतां उठून अंगणांत बसतात, ताटांतील अन्न अर्धें टाकितात, आणि ‘मी नसतों तर तुमचें बरें झालें असतें’ असें दोनदां म्हणाले. त्या मनुष्यास आधींच स्वतःची लाज वाटत होती. आम्ही तींत अविश्वासाच्या दोषाची भर घातली होती.

१ राजे याच्या १९ व्या अध्यायांत थकलेला एलीया झुडपाखालीं बसून मरण मागतो. त्या वेळीं त्यास कोणी दोष दिला नाहीं. त्यास झोंप मिळाली, भाकर व पाणी मिळालें, पुन्हां झोंप मिळाली. बोलणें पुष्कळ नंतर झालें, आणि त्याचाही आरंभ प्रश्नानें झाला. उपदेशक बंधूंनीं हा क्रम लक्षांत ठेवावा. आम्ही त्या दिवशीं तो उलटा केला होता.

चार दिवस मन उदास राहणें हा कांहीं रोग नव्हे. परंतु दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ रोजच उदासी असणें, आवडीच्या कामांत गोडी न वाटणें, झोंप व भूक बिघडणें, आपण निरुपयोगी आहों असें वाटत राहणें, हें नैराश्य नांवाचें दुखणें असूं शकतें. आणि हिंवतापाप्रमाणें त्यासही उपचार आहे. भगताकडे कोंबडें नेल्यानें वेळ मात्र जातो. दारूनें झोंप येते असें पुष्कळांचें म्हणणें असतें. ती येते खरी, पण मोडकी येते, आणि उदासी वाढवून जाते.

आमच्याच विदर्भांत, अमरावती जिल्ह्यांतील ३० खेड्यांत, ‘विश्राम’ नांवाचें कार्य झालें. गांवच्याच माणसांस शिकवून त्यांनीं लोकांची विचारपूस करावी, पहिला आधार द्यावा, आणि जरूर तेथें समुपदेशकाकडे व डॉक्टराकडे न्यावें, अशी ती योजना होती. आरंभीं नैराश्यानें पीडलेल्यांपैकीं शेंकडा ४.३ लोकच उपचार घेत. दीड वर्षानें हें प्रमाण शेंकडा २७.२ झालें. हे आंकडे २०१७ सालीं प्रसिद्ध झाले. बाकीचे लोक तरीही घरींच राहिले, हेंही विसरतां कामा नये.

तर मग विचारावें कसें? ‘कसें काय?’ म्हटलें कीं ‘बरें आहे’ हें उत्तर ठरलेलेंच. शेताकडे बरोबर चालत असतां ‘झोंप लागते काय?’ असें विचारावें. झोंपेविषयीं बोलण्यास कोणी लाजत नाहीं. नंतर आपण गप्प बसावें, आणि मधेंच स्वतःचें दुःख सांगूं नये. ही खोड आम्हां पाळकांनाही आहे. मरणाचे विचार येतात काय, हें सरळ विचारण्यास भिऊं नये. विचारल्यानें ते विचार मनांत शिरत नाहींत. उत्तर ‘होय’ आलें तर त्यास एकटें सोडूं नये, फवारणीचें औषध त्या घरांतून काढून शेजाऱ्याच्या कुलपांत ठेवावें, व त्याच दिवशीं दवाखान्यांत न्यावें. १४४१६ या क्रमांकावर ‘टेली मानस’ ही सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तेथें रात्रींबेरात्रींही मराठींत बोलतां येतें.

त्या शेतकऱ्यास आम्ही त्याच्या मेव्हण्यासह सरकारी रुग्णालयांत नेलें. डॉक्टरांनीं गोळ्या दिल्या, आणि गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे लागतात, मधेंच सोडूं नका, असें बजाविलें. आठव्या दिवशीं त्यानें त्या टाकून देण्याचें मनांत आणिलें. पत्नीनें ऐकिलें नाहीं. पांचव्या आठवड्यांत एके रात्रीं तो उजाडेपर्यंत झोंपला. कर्ज होतें तेवढेंच होतें. त्याच्या मेव्हण्यानें सोसायटीशीं बोलून हप्ते मात्र पाडून घेतले. पुढच्या रोवणीला तो बांधींत उतरला. दुपारीं धुऱ्यावर आम्ही दोघे बसलों असतां आम्ही कांहीं विचारण्याच्या आधींच तो म्हणाला, “पाळकसाहेब, तुम्हांला झोंप लागते काय?”