दाहदर्शक रक्तचाचण्या आणि गुप्तरोगांचे निदान

गुप्तरोगांविषयी समाजात आजही मोकळेपणाने बोलले जात नाही. बुलढाण्यासारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात ओटीपोटातील दुखणे अंगावर काढणाऱ्या स्त्रिया सर्वच तालुक्यांत आढळतात. अखेर रक्त तपासले जाते. अहवालात ई. एस. आर. वाढलेला दिसला की रोग कळला, आणि तो प्रमाणात असला की रोग नाही, असा समज होतो. हे दोन्ही समज घातक आहेत.

शरीरात जंतूंचा शिरकाव झाला की दाह निर्माण होतो व यकृत काही प्रथिने अधिक प्रमाणात रक्तात सोडते. त्यांच्यामुळे तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात आणि उभ्या नळीत लवकर खाली बसतात. एका तासात त्या किती मिलिमीटर खाली बसल्या, हे मोजणे म्हणजेच ई. एस. आर. स्वीडनमधील वेस्टरग्रेन यांनी १९२१ मध्ये या चाचणीची पद्धत निश्चित केली. सी. आर. पी. हे असेच एक प्रथिन असून त्याचा शोध १९३० मध्ये न्यूयॉर्क येथे लागला.

या चाचण्या दाह आहे एवढेच सांगतात. तो कशामुळे, हे सांगत नाहीत. रक्तक्षय, गर्भारपण व वाढते वय यांमुळेही ई. एस. आर. वाढतो. उलटपक्षी, क्लॅमिडियासारखा संसर्ग अनेक स्त्रियांत कोणतेही लक्षण न दाखविता राहतो आणि पुढे वंध्यत्वास कारण ठरू शकतो.

मग त्यांचा उपयोग कोणता? गर्भाशय व बीजवाहिन्यांना सूज आल्याची शंका असल्यास वाढलेले सी. आर. पी. डॉक्टरांच्या निदानास पुष्टी देते. औषध लागू पडल्यास ते काही दिवसांतच उतरू लागते, ई. एस. आर. उतरण्यास मात्र आठवडे लागतात.

नेमक्या रोगासाठी नेमकी तपासणीच हवी. उपदंशासाठी व्ही. डी. आर. एल. व तिला दुजोरा देणारी दुसरी चाचणी, परम्यासाठी स्रावाची सूक्ष्मदर्शक तपासणी आणि त्याबरोबरच एच. आय. व्ही. चाचणी आवश्यक असते. गरोदर स्त्रीची उपदंशाची तपासणी पहिल्याच भेटीत व्हावी. वेळीच दिलेल्या पेनिसिलिनमुळे बाळाचे रक्षण होते.

जिल्हा रुग्णालयांतील 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये सल्ला, तपासणी व औषधोपचार विनामूल्य मिळतात आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवली जाते. १०९७ या दूरध्वनी क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. पतिपत्नींपैकी एकानेच औषध घेतल्यास संसर्ग पुन्हा परततो. म्हणून दोघांनीही तपासणी करून घेऊन उपचार पूर्ण करणे अगत्याचे आहे.