सुईविना हेपॅरिन : अब्जांश कणांच्या वाहनाचा शोध

जखम झाली असता वाहणारे रक्त काही मिनिटांत गोठते, हे शरीराला लाभलेले मोठे संरक्षण होय. परंतु हीच क्रिया रक्तवाहिनीच्या आत घडली, तर ते संरक्षणच संकट ठरते. पायाच्या खोल शिरेत धरलेली गुठळी सुटून फुप्फुसात अडकल्यास रोगी अल्पावधीत दगावू शकतो; मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकल्यास पक्षाघात होतो. अशा गुठळ्यांना प्रतिबंध करणाऱ्या औषधांत हेपॅरिनचे स्थान शंभर वर्षांनंतरही टिकून आहे. मात्र हे औषध आजही सुईवाटेच द्यावे लागते. ते तोंडावाटे देता यावे म्हणून शास्त्रज्ञांनी चालविलेल्या प्रयत्नांची ओळख प्रस्तुत लेखात करून दिली आहे.

औषधाचा जन्म

१९१६ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन हा वैद्यकाचा विद्यार्थी प्राध्यापक विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत रक्त गोठविणाऱ्या पदार्थांचा अभ्यास करीत होता. त्याच्या हाती आला तो नेमका उलट गुणाचा, रक्त गोठू न देणारा पदार्थ. १९१८ मध्ये हॉवेल यांनी यकृतातून मिळविलेल्या अशा पदार्थाला यकृतवाचक ग्रीक शब्दावरून 'हेपॅरिन' हे नाव दिले. आज ते मुख्यत्वे डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढले जाते.

तोंडावाटे घेण्याची गुठळीरोधक औषधे उपलब्ध नाहीत, असे नाही. वॉरफेरिन १९५४ पासून वापरात आहे आणि २००८ पासून डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्झाबान यांसारखी औषधे आली. तथापि प्रत्येकाला मर्यादा आहेत. वॉरफेरिन घेणाऱ्याला वरचेवर रक्ततपासणी करून मात्रा ठरवावी लागते. शिवाय ते गर्भाला अपायकारक ठरू शकते. हेपॅरिन मात्र वार ओलांडून गर्भापर्यंत जात नाही. म्हणूनच गुठळीचा धोका असलेल्या गर्भवतीला कित्येक महिने दररोज एक वा दोन वेळा पोटाच्या त्वचेखाली हेपॅरिनवर्गीय औषधाची सुई घ्यावी लागते. रुग्णालयापासून दूर राहणाऱ्या कुटुंबावर याचा किती भार पडतो, हे सांगावयास नको.

अडचण कोठे आहे?

हेपॅरिन गिळले तर ते रक्तात का पोचत नाही? याची कारणे तीन आहेत. पहिले, जठरातील आम्लामुळे त्याची रचना बिघडते. दुसरे, त्याचा रेणू फार मोठा असतो. त्याचा सरासरी रेणुभार सुमारे १५,००० आहे, तर गोळीच्या रूपात सहज शोषल्या जाणाऱ्या बहुतेक औषधांचा ५०० च्या आत असतो. तिसरे, हेपॅरिनवर तीव्र ऋण विद्युतभार असतो. आतड्याच्या पेशींची आवरणेही ऋणभारित असल्याने ती त्याला दूर सारतात. थोडक्यात, औषध गुणकारी आहे. वाट तेवढी बंद आहे.

कणांची योजना

या बंद वाटेवर अब्जांश कणांचा उपाय शोधला जात आहे. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. रक्तातील तांबड्या पेशीचा व्यास सुमारे ७,००० नॅनोमीटर असतो. औषधवाहक कण बहुधा १०० ते ३०० नॅनोमीटरचे असतात.

असे कण बनविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पदार्थांपैकी कायटोसॅन हा विशेष उल्लेखनीय होय. कोकण किनाऱ्यावर कोळंबी सोलल्यानंतर जी टरफले उरतात, तशाच टरफलांतील कायटिनपासून तो तयार होतो. कायटोसॅन धनभारित, हेपॅरिन ऋणभारित. योग्य प्रमाणात द्रावणे एकत्र केली की दोहोंच्या आकर्षणातून कण आपोआप बनतात. ते आतड्याच्या अस्तराला चिकटून राहतात आणि कायटोसॅनमुळे पेशींमधील सांधे काही काळ सैल होतात. जठरातील आम्लापासून बचावासाठी कणांवर वा कॅप्सूलवर आम्लात न विरघळणारा लेप देता येतो.

फ्रान्समधील नॅन्सी येथील संशोधकांनी अन्य बहुवारिकांच्या कणांत हेपॅरिन भरून ते सशांना तोंडावाटे दिले. त्यानंतर सशांचे रक्त गोठण्यास लागणारा वेळ वाढल्याचे त्यांनी २००२ साली प्रसिद्ध केले. साधे हेपॅरिन पाजले असता असा परिणाम दिसत नाही.

खरी कसोटी

ससा आणि मनुष्य यांत मोठे अंतर आहे. कणांऐवजी 'स्नॅक' नावाच्या साहाय्यक रेणूसह द्रवरूप हेपॅरिन पाजण्याचा प्रयोग खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांवर झाला. परंतु सुईवाटे दिल्या जाणाऱ्या एनॉक्झापॅरिनपेक्षा ते सरस ठरले नाही. पुढे तोच 'स्नॅक' मधुमेहावरील सेमाग्लुटाइडच्या गोळीत उपयोगी पडला आणि तिला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली.

गुठळीरोधक औषधाच्या बाबतीत मात्र कसोटी अधिक कडक आहे. मात्रा कमी पडली तर गुठळी धरते, अधिक झाली तर रक्तस्राव होतो. आज जेवणानंतर थोडे आणि उद्या उपाशीपोटी अधिक शोषले जाणारे हेपॅरिन धोकादायकच होय. शिवाय दिलेल्या औषधाचा अल्प भागच रक्तात पोचत असेल, तर उरलेला वाया जातो. प्राणिज कच्च्या मालावर अवलंबून असलेल्या औषधाची ही नासाडी परवडणारी नाही. पेशींमधील सांधे सैल करणारा पदार्थ महिनोन्महिने घेणे निर्धोक आहे, हेही सिद्ध व्हावे लागेल. या कारणांमुळे अब्जांश कणांतील हेपॅरिन अद्याप रुग्णांच्या नित्य वापरात आलेले नाही.

आपले कर्तव्य

शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि आरोग्य कर्मचारी यांनी या विषयाची माहिती देताना आशा आणि वस्तुस्थिती यांतील भेद स्पष्ट करावा. 'आता गोळी निघाली आहे' अशा ऐकीव बातमीवर विसंबून कोणी सुई बंद केली, तर ते जिवावर बेतू शकते. चालू औषध डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय थांबवू वा बदलू नये. एका पायाला अचानक सूज व वेदना, एकाएकी धाप लागणे किंवा न थांबणारा रक्तस्राव ही लक्षणे दिसताच रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. सुईविना हेपॅरिन मिळेल तो दिवस स्वागतार्हच ठरेल. तोपर्यंत वेळेवर घेतलेली सुई हेच या रुग्णांचे संरक्षण आहे.